बिटाच्या रानातली विमानशाळा

वाचकहो, बियाणे, खते आणि कीड सोडून हा माणूस विमानांवर कुठे लिहायला बसला, असे तुम्हाला वाटेल. मलाही वाटले होते. पण गेल्या ऑक्टोबरात चार दिवस मी अशा एका गावी राहिलो, की जिथे खाली बिटाची काढणी चालू होती आणि वर डोक्यावर दिवसभर शिकाऊ मुले विमाने फिरवीत होती. त्या गावाला जाण्याचे कारण घरचेच होते, आणि ते तुमच्याही घरात उद्या उभे राहू शकते. म्हणून सांगतो.

मुलीच्या बाळंतपणासाठी आमची मंडळी अमेरिकेत मिनिआपोलिस शहरी गेली होती. बारशाला म्हणून रजा काढून मागाहून मीही गेलो. निघायच्या आदल्या संध्याकाळी माझे थोरले चुलतबंधू, आम्ही त्यांना दादा म्हणतो, ओट्यावर येऊन बसले. त्यांचा धाकटा मुलगा चार वर्षांपासून तिकडे नॉर्थ डाकोटा राज्यात विमान चालवायला शिकतो आहे. त्याच्यापायी दादांनी दीड एकर बागायत विकली आणि उरलेल्या रानावर बँकेचा बोजा चढवला. चहा होईपर्यंत दादा काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तू शिकलेला आहेस, सरकारी माणूस आहेस. एकदा जाऊन बघ. मी असं ऐकतो की तिथं परीक्षासुद्धा शाळाच घेते. मास्तर त्यांचेच, परीक्षक त्यांचेच, फीही त्यांनाच. मग त्या सर्टिफिकेटाला किंमत काय?"

दादांच्या प्रश्नातली मेख तुम्हाला सांगायला नको. ज्याने आयुष्यभर ऊस घातला, त्याला काटा कोणाचा हे आधी विचारायची सवय असते. ऊस आपला, ट्रॉली आपली, पण काटा कारखान्याचा. एका हंगामात आमच्याकडच्या एका कारखान्यावर दादांनी खाजगी काट्यावरून वजन करून मग ट्रॉली आत नेली होती. दोन आकड्यांत जो फरक पडला, तो ते अजून विसरलेले नाहीत.

मिनिआपोलिसहून ग्रँड फोर्क्स हे गाव सुमारे ५०० किलोमीटर. जावयांनी शुक्रवारी गाडी काढली. निम्मी वाट तळी, झाडी आणि मका-सोयाबीन बघण्यात जाते. फार्गो शहराशी येऊन गाडी उत्तरेला वळली, आणि वाचकहो, जमीन एकदम सपाट झाली. सपाट म्हणजे किती? आपण पाटपाण्यासाठी रान लेव्हल करून घेतो ना, तसे कोणीतरी शेकडो मैल लेव्हल मारून ठेवल्यासारखे. हजारो वर्षांपूर्वी बर्फयुगाच्या शेवटी इथे एक अफाट तळे होते. अगॅसिझ सरोवर असे त्याला भूगर्भवाले म्हणतात. ते आटले आणि त्याचा तळ म्हणजे आजची ही रेड नदीची खोरे-जमीन. माती काळी, भारी, आपल्या कृष्णाकाठची आठवण यावी अशी. मी गाडी थांबवायला लावून मूठभर उचलून पाहिली; जावई लांब उभे राहून हसत होते.

ही रेड नदी उत्तरेकडे वाहते, कॅनडात जाते. त्यात एक खोड आहे. वसंतात दक्षिणेकडचा बर्फ आधी वितळतो, पाणी निघते, आणि पुढे उत्तरेकडे नदी अजून गोठलेलीच असते. मग पाण्याने जायचे कुठे? सपाट रानात पसरते. १९९७ च्या एप्रिलात ग्रँड फोर्क्स असेच बुडाले, गाव रिकामे करावे लागले, आणि पाण्यात उभ्या असलेल्या इमारतींना वर आग लागली. आता दोन्ही काठांना भक्कम बांध आहेत.

आम्ही पोहोचलो तेव्हा बिटाचा हंगाम ऐन भरात होता. साखरेचे बीट म्हणजे आपले कोशिंबिरीचे लाल बीट नव्हे. हे पांढुरके, मुळ्याच्या जाड थोराड भावासारखे. एक यंत्र आधी पाला झोडून काढते, मागून दुसरे यंत्र कंद उपटून ट्रकमध्ये टाकते. हे काम रात्रंदिवस चालते, कारण पुढे गोठण येणार असते. पण गंमत अशी की ऊन जास्त पडून कंद गरम झाले तर काढणी थांबवतात. गरम बीट ढिगात नासते. थंड बीट मात्र उघड्यावर डोंगरासारखे रचून ठेवतात. हिवाळ्यात ते ढीग गोठतात आणि कारखाना वसंतापर्यंत त्यातून साखर काढत राहतो. आपला ऊस तोडल्यावर दुसऱ्या दिवसापासून उतरायला लागतो, तिथे हे लोक महिनेन् महिने माल अंगणात ठेवतात. थंडीचा असाही उपयोग!

पुतण्या ज्यांच्या घरी भाड्याने राहतो ते गृहस्थ बिटवालेच निघाले. सत्तरीचे. मी कृषी खात्यातला म्हटल्यावर त्यांनी मला ट्रकमध्ये बसवून थेट ढिगाऱ्यावर नेले. तिथला कारखाना अमेरिकन क्रिस्टल शुगर. १९७३ साली शेतकऱ्यांनीच एकत्र येऊन ती कंपनी विकत घेतली आणि सहकारी केली. आपल्याकडे प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांना बरोबर घेऊन १९५० साली जे उभे केले, त्याची हकीकत मी त्यांना मोडक्या इंग्रजीत सांगितली, तर ते मान डोलावीत राहिले. त्यांना सहकाराचे काही समजावून सांगावे लागले नाही.

तिथे मी एक पाहिले. ट्रकचे वजन कारखानाच करतो. त्याहून पुढची गोष्ट म्हणजे बिटाचा नमुनाही कारखानाच काढतो आणि साखर किती, माती किती, हे आपल्याच प्रयोगशाळेत तपासतो. आपल्याकडे साखर-उतारा सगळ्या कारखान्याचा सरासरी धरतात. तिथे ज्याच्या बिटात साखर जास्त त्याला दर जास्त. म्हणजे एका नमुन्यावर माणसाचे वर्षाचे पैसे ठरतात. मी दादांचा प्रश्न त्यांना विचारला, तुमचा विश्वास बसतो का? ते म्हणाले, "कारखाना माझा आहे. पण विश्वास त्यावर नाही. नमुना कसा काढायचा, कुठे ठेवायचा, हे सगळे लिहिलेले आहे आणि मी केव्हाही जाऊन बघू शकतो. बघितलेले आहे."

हे वाक्य मी खिशात ठेवले आणि विमानशाळा बघायला गेलो.

ही शाळा म्हणजे तिथल्या नॉर्थ डाकोटा विद्यापीठाचा एक विभाग. १९६८ साली जॉन ओडेगार्ड नावाच्या प्राध्यापकांनी तो दोन विमानांवर सुरू केला. आज शंभराहून जास्त विमाने आहेत. गावाच्या पश्चिमेला विमानतळ. प्रवासी विमाने दिवसाकाठी मोजकी येतात, पण शिकाऊ मुलांच्या चढण्या-उतरण्या मोजल्या तर देशातल्या गजबजलेल्या विमानतळांत त्याची गणना होते. गाव साठ हजारांच्या आतबाहेरचे. कुंपणाबाहेर उभे राहिले की एका इंजिनाची छोटी पायपर आर्चर विमाने, पाठोपाठ ट्रॉल्या लागाव्यात तशी, धावपट्टीकडे सरकताना दिसतात. शाळा इथेच का, असे मी विचारले होते. ते रान पाहिल्यावर पुन्हा विचारावे लागले नाही. डोंगर नाही, दरी नाही. इंजिन बंद पडले तर उतरायला चहूकडे गव्हाचे रिकामे खुंट. हिवाळा मात्र कडक. उणे ३० अंशांपर्यंत पारा जातो.

आता पुतण्याचे. त्याचे विमान चालवण्याचे परवाने झालेले आहेत, व्यावसायिक परवानासुद्धा. सध्या तो उड्डाण-शिक्षक होण्यासाठी शिकतो आहे. तुम्ही म्हणाल, विमान चालवायला गेलेला पोरगा मास्तर कशाला होतो? त्याचे कारण तास. अमेरिकेत प्रवासी कंपनीच्या विमानात बसायचे तर वैमानिकाच्या नावावर साधारणपणे १५०० तास उड्डाण लागते. अशा विद्यापीठाची विमानविद्येतली पदवी असेल तर १०००. फेब्रुवारी २००९ मध्ये बफेलो शहराजवळ एक प्रवासी विमान कोसळले, ५० माणसे गेली; त्यानंतर कायदा झाला आणि २०१३ पासून हा नियम लागू आहे. मुलगा शिकून बाहेर पडतो तेव्हा त्याच्या नावावर दोन-अडीचशे तास असतात. उरलेले पोटाला न घालता कसे जमवायचे? तर दुसऱ्यांना शिकवून. शिकवताना शिक्षकाचेही तास लागतात, वर पगार मिळतो. मला यात एक खोट दिसते, आणि ती मी पुतण्याला बोलून दाखवली. ज्याचे लक्ष तासांच्या वहीकडे, तो पोरांकडे काय बघणार? आमच्या खात्यातही बदलीची वाट बघत शिकवणारे पाहिले आहेत. पुतण्या म्हणाला, "काका, म्हणूनच तर ही परीक्षा सगळ्यांत अवघड ठेवलीय."

अवघड कशी, ते ऐका. दोन लेखी परीक्षा. त्यातली एक विमानाची, आणि दुसरी, मी हे ऐकून खुर्चीत सावरून बसलो, नुसती शिकवण्याची. माणूस शिकतो कसा, घाबरला की काय होते, चूक कशी दाखवावी, याच्यावर ५० प्रश्न. मग तोंडी परीक्षा, ती कित्येक तास चालते. मग उड्डाण. आणि ते उजव्या खुर्चीवरून. विमानात शिकणारा डावीकडे बसतो, शिक्षक उजवीकडे. आजवर डाव्या हाताला असलेले सगळे एकदम उजव्या हाताला येते. उजव्या बैलाला डावीकडे जुंपल्यावर तो दोन दिवस कसा बावरतो, तसे होते म्हणे. शिवाय गिरकी. विमान हवेत उलगडून भोवऱ्यासारखे फिरत खाली जाऊ लागले तर त्यातून बाहेर कसे काढायचे, हे शिक्षकाला स्वतः करून दाखवता आले पाहिजे आणि तसे वहीत लिहून मिळाले पाहिजे. रोजच्या आर्चर विमानाला गिरकीची मनाईच आहे, म्हणून त्यासाठी विमानही वेगळे. परवाना मिळाला म्हणजे जन्माची सोय नव्हे. डिसेंबर २०२४ पासून त्यावर मुदत छापत नाहीत, पण दर २४ महिन्यांनी आपण शिकवण्याच्या कामात आहोत किंवा उजळणी केली आहे, हे दाखवावेच लागते.

शुक्रवारी रात्री जेवणे झाली आणि जावई झोपायला गेल्यावर पुतण्याने मला सांगितले, "काका, मी मागच्या आठवड्यात नापास झालो. बाबांना कळवलं नाही."

ही शेवटची परीक्षा नव्हती. त्या शाळेत अभ्यासाचे टप्पे पाडलेले असतात आणि प्रत्येक टप्प्याला तपासणी असते. ती शाळेतलेच तपासनीस घेतात. त्या दिवशी तपासनीस बाई डाव्या खुर्चीत शिकाऊ होऊन बसल्या. म्हणजे त्यांनी नवख्यासारखे वागायचे आणि याने शिकवायचे. उतरायला येताना त्यांनी मुद्दाम, अगदी हळूहळू, वेग कमी होऊ दिला. आमचे चिरंजीव त्या वेळी वारा आणि धावपट्टी यांवर उत्तम व्याख्यान देत होते. काटा खाली गेल्याचे उशिरा लक्षात आले, तेव्हा याने एकदम सुकाणू ओढून घेतले. बोलला काहीच नाही. नियम असा आहे की सुकाणू घेताना घेणाऱ्याने "माझ्याकडे आले" म्हणायचे, देणाऱ्याने "तुमच्याकडे दिले" म्हणायचे, आणि घेणाऱ्याने पुन्हा म्हणायचे. तीनदा. का? तर दोघांनाही वाटू नये की दुसरा चालवतो आहे, किंवा दोघेही एकदम ओढू नयेत. विहिरीत माणूस उतरलेला असताना आपण वरून "बटण दाबू का?" म्हणून ओरडतो आणि खालून "दाब" आल्याशिवाय हात लावत नाही, त्यातलाच प्रकार. बाईंनी विमान खाली आल्यावर कागदावर 'समाधानकारक नाही' असे लिहिले. आता जादा धडे, जादा तास, त्यांची जादा फी, आणि सोमवारी पुन्हा तपासणी.

मी म्हटले, आधी वडिलांना फोन लाव. तिकडे शनिवारची सकाळ होती. दादांनी सगळे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाले, "बघितलंस? पास करायचे पैसे, नापास करायचेही पैसे." त्या पोराचा चेहरा मी बघत होतो. तो काही बोलू शकला नाही.

शनिवारी सकाळी मी त्याला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवले. म्हटले, मी शिकाऊ, शिकव मला. त्याने पंख कसा पडतो, म्हणजे विमानाला धरून ठेवणारी हवा पंखावरून कशी सुटते, हा धडा घेतला. अर्धा तास बोलला. आकृत्या सुरेख काढल्या. मी म्हटले, "बाळा, मला काहीही कळलं नाही." तो चिडला. वाचकहो, तीस वर्षे मी गावोगाव बीजप्रक्रिया शिकवत आलो आहे. पहिल्या वर्षी मी जिवाणूंवर असेच व्याख्यान दिले होते, आणि पुढे बसलेले एक म्हातारबाबा शेवटी म्हणाले होते, "साहेब, गूळ किती घालायचा ते सांगा." मी पुतण्याला विचारले, उसाच्या ट्रकात बसून कारखान्यावर जायचास तेव्हा खिडकीतून हात बाहेर काढायचास की नाही? तळहात थोडा तिरपा केला की हात वर उचलला जायचा. फारच तिरपा केला की? तो म्हणाला, "मग वर जायचा नाही, नुसता मागं ढकलला जायचा." मग तेच सांग की. विमानाचा पंख फार तिरपा झाला की उचल जाते. म्हणून घाबरून नाक वर ओढायचे नाही, आधी खाली करायचे. त्याने वहीत लिहून घेतले. मग आम्ही दोन खुर्च्या शेजारी ठेवून सुकाणू देण्याघेण्याचा सराव केला. "माझ्याकडे आले", "तुमच्याकडे दिले". सुकाणू म्हणून हातात लाटणे होते. बिटवाले गृहस्थ दारात येऊन बघून गेले, काही बोलले नाहीत.

त्या दिवशी दुपारी शाळेच्या इमारतीत ज्या बाईंनी नापास केले, त्याच भेटल्या. पुतण्याने ओळख करून दिली. तिशीतल्या, शेजारच्याच भागातल्या गहू-बीट करणाऱ्या घरच्या. मी दादांचा प्रश्न सरळ विचारला. फी तुम्ही घेता आणि पासही तुम्हीच करता, हे कसे? पुतण्या भाषांतर करताना गोरामोरा झाला. बाई मात्र रागावल्या नाहीत. बसा म्हणाल्या आणि सगळे समजावून सांगितले. त्यातले मला समजले ते असे.

अमेरिकेत वैमानिकाची परीक्षा मुळात सरकारी विमान खाते, म्हणजे एफएए, घेते. किंवा खात्याने नेमलेले बाहेरचे परीक्षक घेतात. त्यांची फी शेकडो डॉलर, कुठे कुठे हजाराच्यावर, आणि तारीख मिळायला कित्येक आठवडे. तोवर मुलाचा हात उतरतो, पुन्हा सरावाचे पैसे. म्हणून ज्या शाळा खात्याच्या कडक नियमाखाली चालतात, त्यांना एखाद्या अभ्यासक्रमाची परीक्षा स्वतः घेण्याचा अधिकार मिळू शकतो. पण तो मागून मिळत नाही, कमवावा लागतो. शाळेची मान्यता निदान २४ महिने जुनी हवी. मागल्या २४ महिन्यांत त्या अभ्यासक्रमात निदान १० मुले शिकवून परीक्षेला बसवलेली हवीत. आणि त्यांतली शेकडा ९० पहिल्याच फटक्यात पास झालेली हवीत. मुख्य म्हणजे ती परीक्षा खात्याच्या माणसाने किंवा शाळेचा नोकर नसलेल्या परीक्षकाने घेतलेली हवी. म्हणजे आधी दुसऱ्याच्या काट्यावर वजन सिद्ध करा, मग स्वतःचा काटा लावा.

पुढे आणखी आहे. ज्याने मुलाला मुख्यतः शिकवले, किंवा ज्याने 'हा तयार आहे' अशी शिफारस केली, त्याने त्याची तपासणी घ्यायची नाही. घरच्याच परीक्षेची खोली बाहेरच्या परीक्षेइतकीच असली पाहिजे. कोणाची परीक्षा, कोणत्या तारखेला, कोणी घेतली, याची ओळीने नोंद ठेवायची, आणि खात्याचा निरीक्षक केव्हाही येऊन ती वही उघडणार. शाळेची मान्यताच मुळी २४ महिन्यांची. ती पुढे चालू ठेवायची तर निदान शेकडा ८० मुले पहिल्या फटक्यात पास व्हावी लागतात.

मला आपली बियाण्याची पिशवी आठवली. निळी खूणचिठ्ठी असेल तर ते प्रमाणित; बीज प्रमाणीकरण यंत्रणेचा माणूस शेतावर येऊन पीक बघून गेलेला असतो. हिरवी चिठ्ठी म्हणजे सत्यप्रत. उत्पादक स्वतःच तपासतो आणि स्वतःच्या सहीने उगवण लिहून देतो. १९६६ च्या बियाणे कायद्याप्रमाणे दोन्ही चालतात. हिरव्या चिठ्ठीत चांगले बियाणे असते आणि फसवेही असते. पंचनामे मी स्वतः केले आहेत. फरक चिठ्ठीच्या रंगाने पडत नाही, तर निरीक्षक नमुना काढायला येतो की नाही आणि नमुना नापास झाला तर पुढे काही होते की नाही, याने पडतो. मी बाईंना हे सांगितले. त्या म्हणाल्या, "अजून एक आहे. इथे शिकलेले शिक्षक आम्हीच नोकरीला ठेवतो. तुमचा पुतण्या पुढल्या वर्षी माझ्याच शाळेच्या नवख्या मुलाला घेऊन माझ्याच विमानात उडेल. मी आज ढिलाई केली तर ती कोणाला भोवेल?"

यावर मला बोलायला जागा राहिली नाही. घरचे बियाणे ठेवताना कोणी किडके दाणे वेगळे काढायला विसरतो का? तरी मी विचारलेच, की जो शिकून दुसरीकडे जाणार त्याचे काय? त्या म्हणाल्या, त्याच्यासाठी वही आणि निरीक्षक आहेत.

पण मला एक गोष्ट पटली नाही, तीही सांगतो. शेकडा ९० चा आकडा शाळेच्या मानेवर असला की शाळा कच्च्या मुलाला परीक्षेलाच बसू देणार नाही. आणखी धडे घे, आणखी तास घे, मग बघू. परीक्षा खरी राहील, पण बापाची पिशवी रिकामी होत जाईल. दादांचा संशय चुकीच्या ठिकाणी होता, सगळाच खोटा नव्हता. बाहेरून जाणारा पालक निकालाचे शेकडेवारी विचारतो. त्याने विचारायला हवे ते हे, की मुलाला शेवटापर्यंत सरासरी किती तास लागतात आणि ठरलेल्या फीच्या वर किती भरावे लागते. आपल्याकडे बारामती, धुळे, गोंदिया इथेही विमान चालवायला शिकवणाऱ्या संस्था झाल्या आहेत. तिथे मुलाला घालताना हाच प्रश्न आधी विचारा, आणि उत्तर कागदावर मागा.

सोमवारी वारा होता. त्या सपाटीवर वाऱ्याला अडवणारे काही नाही. पुन्हा तपासणी दुसऱ्याच तपासनिसाकडे लागली होती, उंच, मिशीवाला, कमी बोलणारा माणूस. सकाळी तोंडी झाली. मग ते दोघे आर्चरकडे चालत गेले. तपासनीस डावीकडे बसला, आमचा पोरगा उजवीकडे. जावई परत जायच्या घाईत होते, मी म्हटले थांबा. कुंपणाशी मी दीड तास उभा होतो. पांढरी विमाने सगळी सारखीच. शेपटीवरचा नंबर वाचता येईपर्यंत आपले कोणते तेही कळेना. एक विमान उतरता उतरता डगमगले, चाक टेकले न टेकले आणि पुन्हा वर गेले. ते आमचे होते की दुसऱ्याचे, मला अजून माहीत नाही. नंतर विचारायचे राहून गेले.

दीडच्या सुमारास तो दारातून बाहेर आला. लांबूनच दोन्ही हात पुढे करून म्हणाला, "माझ्याकडे आले."

तिकडे रात्रीचे बारा वाजले होते. उद्या सकाळी कळवू म्हटले, तर पुतण्या म्हणाला, बाबा जागेच असतील, या आठवड्यात रात्रीची लाईट आहे. खरेच, पहिल्या घंटीला दादांनी फोन उचलला. मागे मोटारीचा आवाज.

"झाला का?"

"या टप्प्याला झाला. शेवटची अजून बाकी आहे, नोव्हेंबरात."

"तपासणारा कोण होता?"

"शाळेचाच."

"आणि मागल्या वेळी नापास करणारा?"

"तोही शाळेचाच."

दादा घटकाभर बोलले नाहीत. मग म्हणाले, "जादा तासांचे किती मागतात?"

मी आकडा सांगितला.

"कारखान्याचा पहिला हप्ता दिवाळीनंतर येईल. तोवर थांबतात का, ते विचारून घे." आणि लगेच, "थांब, बांध फुटला वाटतं," म्हणून त्यांनी फोन ठेवला.